इंग्रजी वाक्प्रचार आणि घरची माणसे

(उच्च प्राथमिक वर्गांस इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

इयत्ता सातवीच्या एखाद्या विद्यार्थ्याची इंग्रजीची वही उघडून पाहावी. 'इडियम्स' या मथळ्याखाली तीन रकाने आखलेले असतात. डावीकडे वाक्प्रचार, मध्ये मराठी अर्थ आणि उजवीकडे 'वाक्यात उपयोग'. 'बरी द हॅचेट' म्हणजे भांडण मिटविणे. वाक्य : राम अँड श्याम बरीड द हॅचेट. 'सी आय टू आय' म्हणजे एकमत होणे. वाक्य : राम अँड श्याम डू नॉट सी आय टू आय. रकाना खाली खाली वाचीत गेले म्हणजे हे राम आणि श्याम कधी एकमेकांस हात देतात, कधी पाठ फिरवितात, कधी शब्द मोडतात. त्यांच्या आयुष्यात एवढ्या उलथापालथी होत असूनही ते कोण, कोठले आणि त्यांचे भांडण कशावरून जुंपले, हे विद्यार्थ्यास ठाऊक नसते, आणि शिक्षकासही नसते. परीक्षा आटोपली की दोघेही त्या वहीतच राहून जातात.

अशा वहीत चूक बहुधा सापडत नाही, आणि म्हणूनच ती तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटते. वाक्य शुद्ध, अर्थ बरोबर, अक्षर वळणदार. परंतु त्या विद्यार्थ्यास त्याच दिवशी कोणी विचारले की, तुझे आणि तुझ्या भावाचे काल भांडण झाले होते ते मिटले काय, तर त्या पाठ केलेल्या वाक्प्रचाराची त्यास आठवण होत नाही. कारण तो वाक्प्रचार राम आणि श्याम यांच्या मालकीचा असतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. म्हणजे सातवीत येईतो मुलाने सहा वर्षे ही भाषा ऐकलेली असते. तरीही त्या भाषेत स्वतःच्या घराविषयी खरे असे एकही वाक्य त्याने बोललेले नसणे, हे पुष्कळ वर्गांतून आढळते.

खेड्यातील मुलास वाक्प्रचार झेपत नाहीत, असा यावर एक आक्षेप येतो. तो फारसा टिकणारा नाही. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील गाडीवाट या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुले जपानी भाषा शिकत असल्याचे वृत्त 2020 च्या सप्टेंबरात देशभर प्रसिद्ध झाले होते. कोणती परकी भाषा शिकावीशी वाटते, असे मुलांनाच विचारले गेले, आणि यंत्रमानवाविषयीच्या कुतूहलापोटी पुष्कळांनी जपानीचे नाव घेतले. त्या भाषेत काही जाणून घ्यावेसे त्यांना वाटत होते. इंग्रजी वाक्प्रचारांच्या पाठातही मुलाजवळ सांगण्यासारखे काही आहे किंवा नाही, हे आधी पाहिले पाहिजे. आणि मुलाजवळ सांगण्यासारखे सर्वांत अधिक असते ते आपल्या माणसांविषयी : आजी, आत्या, मामा, चुलता, धाकटी बहीण, शेजारची म्हातारी, गोठ्यातील बैल.

वाक्प्रचारांचा मोठा भागही याच क्षेत्रातील आहे. जपणे, रुसणे, शब्द देणे, पाठीशी उभे राहणे, घर चालविणे, भांडणे आणि समेट करणे यांसाठी प्रत्येक भाषेने शेकडो वाक्प्रचार घडविले आहेत. इंग्रजीने आणि मराठीनेही. तेव्हा यादी हाती घेऊन तिच्यासाठी माणसे शोधण्यापेक्षा माणसापासून आरंभ करून त्यास लागेल तो वाक्प्रचार देणे अधिक सोयीचे पडते.

भाषांची अशी देवघेव या शहरास नवी नाही. उर्दूचे गाढे अभ्यासक मौलवी अब्दुल हक (1870–1961) पुष्कळ वर्षे येथे राहिले व येथील महाविद्यालयाचे प्राचार्य होते. 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे काम त्यांनी येथूनच चालविले, आणि त्यांनी संपादिलेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश 1937 साली प्रसिद्ध झाला तो औरंगाबाद (दक्खन) या स्थळनामानिशी. इंग्रजीतील वाक्प्रचार देशी भाषेत कसा बसवावा, या प्रश्नावर निजामी राजवटीत याच शहरात वर्षानुवर्षे खल झालेला आहे. फारसीचा मराठीवर जो परिणाम झाला त्याविषयीही मौलवीसाहेबांनी लिहिले. शिक्षकांस तो विषय अगदी जवळचा वाटेल. कारण 'कंबर कसणे' असे ज्या मुलास आपण शिकवितो त्यास 'कंबर' हा शब्दच फारसीतून आला, हे सांगितल्यास परक्या भाषेची भीती निम्मी ओसरते. मराठीच्या बाजूने पाहावयाचे तर दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' (दोन विभाग, 1942 व 1947) आणि रेव्हरंड मॅनवेअरिंग यांनी मराठी म्हणी इंग्रजी भाषांतरासह 1899 साली ऑक्सफर्ड येथे छापविल्या तो संग्रह, ही दोन साधने केंद्रशाळेच्या ग्रंथालयात असावीत. मॅनवेअरिंगचे पुस्तक विशेष मनोरंजक आहे. आपली घरगुती म्हण इंग्रजीत जाताना काय गमावते आणि काय कमावते, हे त्यात पानोपानी दिसते.

आता प्रत्यक्ष वाक्प्रचारांकडे वळू.

काही वाक्प्रचार मराठीशी तंतोतंत जुळतात. 'कीप वन्स वर्ड' म्हणजे शब्द पाळणे. 'लेंड अ हँड' म्हणजे हात देणे. 'टर्न वन्स बॅक ऑन' म्हणजे पाठ फिरविणे. 'स्टँड ऑन वन्स ओन फीट' म्हणजे स्वतःच्या पायांवर उभे राहणे. 'टाय द नॉट' म्हणजे लग्नगाठ बांधणे. 'मेक एंड्स मीट' हा तर आपल्या 'तोंडमिळवणी करणे' याचा सख्खा भाऊ शोभेल. जमा आणि खर्च यांची तोंडे कशीबशी मिळवावयाची, हीच कल्पना दोहोंकडे आहे. असे वाक्प्रचार आरंभी घ्यावेत. त्यांवर फार वेळ मोडण्याचे कारण नाही. मूल ते लगेच उचलते आणि त्यास धीर येतो.

खरी मेहनत पुढे आहे. काही वाक्प्रचार शब्दाने जुळतात आणि अर्थाने दगा देतात. 'पुल समवन्स लेग' हे ऐकताच मुलास 'पाय ओढणे' आठवते. परंतु इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ थट्टा करणे, गंमतीने फसविणे असा आहे. मराठीत मात्र पाय ओढणारा हा मत्सरी असतो. 'माय मामा पुल्स माय लेग' असे मुलीने लिहिले, तर मामा प्रेमळ आणि विनोदी आहे असे इंग्रज वाचक समजेल, आणि तिच्या मनात जर दुसरेच काही असेल तर ते त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. 'सी आय टू आय' याचेही तसेच. इंग्रजीत ते मतैक्य होय. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या डोळ्यास डोळा भिडविणे हा उद्धटपणा. 'टाइटन वन्स बेल्ट' म्हणजे खर्चास आळा घालणे, पोटास चिमटा घेणे. त्याचा अर्थ 'कंबर कसणे' असा देणे साफ चुकीचे आहे. 'कंबर कसणे' याच्या जवळ इंग्रजीत 'रोल अप वन्स स्लीव्ज' म्हणजे बाह्या सरसावणे हे येते. 'नो लव्ह लॉस्ट' हा सर्वांत फसवा. शब्दांवरून वाटते की प्रेम जराही कमी झालेले नाही. अर्थ असा की दोघांमध्ये मुळीच पटत नाही. हा वाक्प्रचार मुलास देण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः दोनदा वाचावा.

दुसरी अडचण मातीची आणि हवेची आहे. 'सेव्ह फॉर अ रेनी डे' म्हणजे अडल्यानडल्या वेळेसाठी शिल्लक टाकणे. इंग्लंडात पावसाचा दिवस म्हणजे उदास, काम बंद पाडणारा दिवस. वैजापूर-गंगापूरकडील मुलास पावसाचा दिवस हा वाईट दिवस कसा, हे कसे पटावे? ज्या घरी 1972 च्या दुष्काळात खडी फोडल्याच्या गोष्टी आजी अजून सांगते, ज्या गावाने 2016 च्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली, त्या घरी आणि त्या गावी आभाळ भरून आले की माणसे अंगणात येऊन उभी राहतात. तेव्हा हा वाक्प्रचार शिकविताना शिक्षकाने अर्थ सांगून पुढे जाऊ नये. 'ज्यांच्याकडे हा वाक्प्रचार झाला त्यांच्याकडे पाऊस नकोसा होता. आपल्याकडे काय म्हटले असते?' असा प्रश्न टाकावा. वर्गातून येणारी उत्तरे ऐकण्यासारखी असतील. मग 'माय ग्रँडमदर सेव्हज फॉर अ रेनी डे' हे वाक्य लिहिताना मुलास त्यातील गंमत कळते, आणि अर्थही कायमचा राहतो.

उष्ण आणि थंड यांचेही असेच आहे. इंग्रजीत माया ही ऊबदार असते, 'वॉर्म वेलकम'. आणि उपेक्षा थंड असते, 'कोल्ड शोल्डर'. मराठीस मायेची ऊब ठाऊक आहे, पण मायेचा गारवाही ठाऊक आहे. लेक माहेरी आली की आईचे डोळे निवतात, काळीज थंड होते. हेच वाक्य एखाद्या मुलाने 'माय मदर्स हार्ट बिकेम कोल्ड' असे लिहिले, तर लेक आल्याबरोबर आईचे प्रेम आटले असा अर्थ होईल! ही चूक हास्यास्पद म्हणून वर्गात मिरवू नये. ती फार प्रामाणिक चूक आहे. वैशाखातील मराठवाडा ज्याने पाहिला आहे त्यास ती लगेच समजेल.

'ब्लॅक शीप ऑफ द फॅमिली' म्हणजे घराण्यास बट्टा लावणारा. काळी लोकर रंगविता येत नसे, म्हणून तिकडे काळ्या मेंढीस मोल कमी. आपल्या दख्खनी मेंढ्या मात्र बहुतांशी काळ्या, आणि त्यांच्या काळ्या लोकरीचीच घोंगडी होते. वर्गात धनगराचे मूल असल्यास 'काळी मेंढी वाईट का?' असे ते विचारील, आणि त्याचे म्हणणे अगदी रास्त असेल. येथे आणखी एक गोष्ट निक्षून सांगणे जरूर आहे. हा वाक्प्रचार समजावून देताना वर्गातील कोणत्याही मुलाच्या वर्णाकडे बोट अथवा नजर जाता कामा नये. काही शिक्षक हसविण्याच्या भरात तसे करतात. मूल ते जन्मभर विसरत नाही. प्राथमिक वर्गात हा वाक्प्रचार न घेतला तरी काही अडत नाही.

रक्ताच्या नात्याविषयी इंग्रजीत 'ब्लड इज थिकर दॅन वॉटर' अशी म्हण आहे : रक्त पाण्याहून दाट असते, म्हणजे परक्यापेक्षा नात्याचा ओढा अधिक. आपल्याकडे म्हणतात, काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही. भाऊ भाऊ भांडले तरी वेगळे होत नाहीत, हा भाव. दोन्ही म्हणी नात्याच्याच बाजूने बोलतात, परंतु इंग्रजीत पाणी हे परकेपणाचे चिन्ह आणि मराठीत तेच पाणी नात्याचे! फळ्यावर या दोन म्हणी शेजारी शेजारी लिहाव्यात आणि मुलांना काही क्षण नुसते पाहू द्यावे. शब्दास शब्द ठेवून भाषांतर का होत नाही, याचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. (या इंग्रजी म्हणीचा मूळ अर्थ नेमका उलटा होता, असे सांगणारे संदेश अलीकडे भ्रमणध्वनीवर फिरतात. त्यास जुन्या लेखनात आधार नाही. वर्गात सांगू नये.)

'बरी द हॅचेट' म्हणजे कुऱ्हाड पुरणे. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी तह करताना शस्त्रे जमिनीत पुरीत, त्यावरून हा वाक्प्रचार आला. कुऱ्हाड आणि गोत यांचा संबंध मराठीनेही जोडला आहे, पण तो 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' असा. बांधावरून चालणारे भाऊबंदांचे तंटे आपल्या मुलांनी घरी पाहिलेले असतात. ज्या मुलाच्या वडिलांनी आणि चुलत्याने तीन वर्षे एकमेकांच्या दारी पाऊल टाकले नाही आणि मग घरातील मुलीच्या लग्नात दोघे एका पंगतीस बसले, त्यास 'दे बरीड द हॅचेट ॲट माय सिस्टर्स वेडिंग' हे वाक्य एकदा सांगून पुरते. येथे 'अंकल' या शब्दाविषयी एक सूचना. इंग्रजीत काका, मामा, मावसा सारे 'अंकल'च. मुलाने वाक्यात 'माय चुलता' किंवा 'माय आत्या' असे लिहिल्यास ते खोडू नये. आपली नाती आपल्या नावांनी इंग्रजीत नेण्यास काहीच हरकत नाही.

आणखी एक वाक्प्रचार मुद्दाम घ्यावा असा आहे : 'द ॲपल ऑफ माय आय'. मराठीत आपण तळहाताच्या फोडासारखे जपणे म्हणतो, त्याच मायेचा हा इंग्रजी शब्द. यात सफरचंद कोठून आले, असे मुले हटकून विचारतात. फार पूर्वी इंग्रजीत डोळ्यातील बाहुलीसच 'डोळ्याचे सफरचंद' म्हणत, कारण ती फळासारखी गोल आणि भरीव असल्याची समजूत होती. पुढे तिला लॅटिनवरून 'प्यूपिल' हे नाव पडले. लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थ लहान मुलगी, बाहुली! दुसऱ्याच्या डोळ्यात पाहिले असता आपलीच चिमुकली आकृती दिसते, त्यावरून हे नाव. मराठीनेही तेच पाहिले आणि तेच नाव ठेवले. दोन-दोन मुलांना उजेडात समोरासमोर बसवून एकमेकांच्या डोळ्यांत पाहावयास सांगावे. बाहुली दिसली की वर्गात एकच आनंद होतो. विद्यार्थी या अर्थाचा इंग्रजीतील 'प्यूपिल' हाही त्याच मुळापासून निघाला आहे. हे मुलांस सांगावे की न सांगावे, हे शिक्षकाने ठरवावे. परंतु स्वतः मात्र जाणून असावे.

आता पाठ प्रत्यक्ष कसा चालावा? कन्नड तालुक्यातील एखादी शाळा डोळ्यांपुढे आणावी. दिवाळी होऊन गेली आहे. मराठवाड्यातील अनेक गावांप्रमाणे या गावातूनही काही जोडपी उचल घेऊन, कोयता होऊन, साखर कारखान्यांच्या फडावर गेली आहेत. सातवीच्या वर्गातील चारपाच मुले आजीआजोबांजवळ राहिली आहेत. शिक्षकाने यादी दिलेली नाही. पहिली दहा मिनिटे तो मराठीतच विचारतो : घरी तुम्हांस कोण जपते? रागावल्यावर समजूत कोण घालते? घर कोण चालविते? मुले बोलू लागली की त्यांच्या तोंडी आपोआप वाक्प्रचार येतात. 'आजी पंखाखाली घेते', 'दादा पाठीशी असतो', 'आईच घराचा गाडा ओढते'. शिक्षक हे फळ्याच्या डाव्या बाजूस लिहीत जातो आणि त्यांपैकी तीनचारांस इंग्रजीत काय म्हणतात ते उजवीकडे मांडतो. गाडा ओढणाऱ्या आईसाठी 'ब्रेडविनर' हा शब्द येतो. घरात ब्रेड नाही, भाकरी आहे, हे मुले लगेच दाखवून देतात. ते मान्य करावे. घरात मेज नसलेल्या मुलास 'पुट फूड ऑन द टेबल' मात्र देऊ नये.

त्यानंतर प्रत्येकाने आपल्या एका माणसाविषयी चारपाच वाक्ये लिहावयाची. ही वाक्ये खरी असली पाहिजेत, एवढीच अट. अशा वेळी एखादी मुलगी पुढीलप्रमाणे लिहील : 'माय मदर अँड फादर हॅव गॉन टू कट केन. वी कॅननॉट मेक एंड्स मीट हिअर. माय ग्रँडमदर इज माय अम्ब्रेला.'

पहिली दोन वाक्ये निर्दोष आहेत. तिसऱ्यापाशी शिक्षकाच्या हातातील लाल शाईची लेखणी थांबली पाहिजे. इंग्रजीत असा वाक्प्रचार नाही. मुलीच्या मनात छत्र आहे. छत्र धरणे, छत्र हरपणे हे तिने घरी ऐकले आहे, आणि छत्रास तिला छत्रीचा इंग्रजी शब्द सापडला. हे वाक्य 'चूक' म्हणून कापणे म्हणजे त्या चार ओळींतील सर्वांत स्वतःचे असे वाक्य कापणे होय. आणि काहीच न सांगता सोडून देणे म्हणजे तिला इंग्रजी न शिकविणे. शिक्षकाने तिला जवळ बोलावून सांगावे की तुझे म्हणणे वाचणाऱ्यास कळेल, पण इंग्रजी बोलणारे लोक येथे पंख म्हणतात, कोंबडी पिलांना घेते तसे : 'माय ग्रँडमदर हॅज टेकन मी अंडर हर विंग.' मुलीने ते वाक्य खाली लिहावे. वरचे छत्रीचे वाक्य तसेच राहू द्यावे. तिला गरज होती त्याच क्षणी हा वाक्प्रचार तिला मिळाला, म्हणून तो पुन्हा पाठ करवून घेण्याची गरज पडणार नाही. पाठांतरास इंग्रजीत 'लर्न बाय हार्ट' म्हणतात आणि आपण 'तोंडपाठ' म्हणतो. या मुलीचे काम इंग्रजी शब्दाच्या अधिक जवळचे.

वही तपासताना काही तांत्रिक गोष्टी सांभाळाव्या लागतात. यादीतील 'वन्स' हा शब्द मुले जसाच्या तसा उतरवितात. 'शी इज द ॲपल ऑफ वन्स आय' असे वाक्य हमखास येते, आणि काही मुलांस तर तो 'एकदा' या अर्थाचा शब्द वाटतो. 'वन्स'च्या जागी माय, हर, हिज, देअर येते, हे पहिल्याच पाठात करवून घ्यावे. क्रियापद काळाप्रमाणे बदलते, 'बरी'चे 'बरीड' होते. परंतु वाक्प्रचारातील नाम बदलत नाही. कुऱ्हाड पुरली तर 'हॅचेट'च पुरली पाहिजे, 'ॲक्स' नव्हे. मराठीतही 'कंबर कसणे' याचे 'कटी कसणे' केले तर हसू येते, हे उदाहरण मुलांस पटते. आठवड्यास दोन वाक्प्रचार पुरेत. वर्षभरात साठसत्तर होतात, आणि त्यांतील निम्मे जरी मुलाच्या जिभेवर बसले तरी तीनशेच्या यादीपेक्षा ते अधिक. शिक्षकास स्वतःस एखाद्या वाक्प्रचाराविषयी शंका असेल तर तो कोशात पाहिल्याशिवाय देऊ नये. इंग्रजी हा आपला विषय नव्हे असे म्हणणाऱ्या शिक्षकांनी तर हे विशेष पाळावे. न कळल्यास 'उद्या सांगतो' म्हणण्यात कमीपणा नाही.

या पद्धतीत एक धोका आहे आणि तो लहान नाही. घरच्या माणसांविषयी खरे लिही, असे सांगितले की मूल खरोखरच खरे लिहिते. वडिलांचे व्यसन, आईची मारहाण, सावकाराचे कर्ज, आणि या प्रदेशात काही घरी तर शेतकरी बापाने स्वतःच आयुष्य संपविल्याची गोष्ट वहीत उतरू शकते. तिकडे 'अ स्केलेटन इन द कबर्ड' म्हणजे कपाटातील सांगाडा असा वाक्प्रचार आहे. घरातील झाकून ठेवलेली गोष्ट, असा त्याचा अर्थ. शिक्षकाचे काम ती कपाटे उघडण्याचे नाही. म्हणून विषय नेहमी सैल ठेवावा. 'माझे वडील' असा विषय कधीही फळ्यावर लिहू नये. 'माझ्या ओळखीचे एक माणूस' असा लिहावा. ज्यास वडिलांविषयी लिहावयाचे तो लिहील, ज्यास नको तो बैलाविषयी लिहील. बैलाविषयी लिहिलेले वाक्यही पूर्ण गुणांचे मानावे. मुलाच्या परवानगीवाचून कोणाचीही वही वर्गात मोठ्याने वाचू नये, शाळेच्या भिंतीवर लावू नये आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापुढे नमुना म्हणून धरू नये. वहीत गंभीर काही आढळल्यास त्या मुलाशी एकांतात, मराठीतून बोलावे. त्या वेळी व्याकरणाचा विषय काढू नये. मुलाच्या जिवास धोका दिसत असेल तर मुख्याध्यापकास तत्काळ कळवावे. मुलांसाठीची 1098 ही मदतवाहिनी कोणासही वापरता येते, आणि तिचा क्रमांक वर्गात लावलेला असावा.

दुसऱ्या बाजूने, सगळेच लेखन दुःखाचे असावे अशी शिक्षकाची अपेक्षाही नसावी. गरीब घरच्या मुलाने गरिबीविषयीच लिहावे, असे काही सहृदय शिक्षकांस नकळत वाटत असते. मुलास आपली आत्या शिट्टी वाजविते याचेच कौतुक असेल, किंवा आजोबा पत्त्यांत लबाडी करतात याचे. 'माय ग्रँडफादर पुल्स एव्हरीबडीज लेग' या वाक्याने वर्ग हसला तर तो पाठ साधला असे खुशाल समजावे.

साखरेचा हंगाम मार्च-एप्रिलच्या सुमारास आटोपतो आणि फडावर गेलेली माणसे परतू लागतात. त्या दिवसांत एक स्वाध्याय द्यावा. वर्षभराच्या वहीतील आपल्या आवडीची पाच वाक्ये निवडून ती घरी मोठ्याने वाचून दाखवावयाची, आणि मग प्रत्येकाचा अर्थ आईवडिलांस किंवा आजीस मराठीत समजावून सांगावयाचा. ज्या मुलीने पंख आणि छत्री अशी दोन्ही वाक्ये लिहिली आहेत, तिला ती दोन्ही सांगावी लागतील. घरच्या माणसांनी काय म्हटले, ते दुसऱ्या दिवशी वर्गात मराठीत सांगावयास हरकत नाही. त्यांतून आजीने एखादी नवी म्हण दिलीच, तर ती फळ्याच्या डाव्या बाजूस लिहून त्या दिवसाचा पाठ तेथून सुरू करावा.